बारा नंबरचा खांब

मृणालिनीचा हात माऊसवर नव्हता. तरी बाण चौथ्या स्क्रीनवरून उजवीकडे सरकला आणि कडेपलीकडे निघून गेला.

तिकडे जायला जागाच नव्हती. तिच्यापुढे कॉम्प्युटर चार, पण कीबोर्ड एक आणि माऊस एक. सॉफ्टवेअरच तसं होतं. बाण पहिल्या स्क्रीनच्या कडेला ढकलला की दुसऱ्यावर यायचा, मग तिसऱ्यावर, मग चौथ्यावर. चौथ्यानंतर नुसता लोखंडी खांब, नंबर बारा. लालबागची ती गिरणी मोडली तेव्हा साचेखात्याचे, म्हणजे माग चालायचे त्या खात्याचे, खांब तेवढे ठेवले, त्यांना रंग फासला आणि मधोमध ऑफिस थाटलं. शोभा म्हणे!

सॉफ्टवेअरमध्ये तिने चार कॉम्प्युटरचे चार चौकोन मांडले होते. आता पाच दिसत होते. पाचव्याला नाव नव्हतं. तिने तो तीनदा पुसला आणि तीनदा तो परत आला.

काम तसं सोपं. चारही मशीनवर फोटो तयार होत राहायचे, कुठे अडकलं की ‘पुढे’ दाबायचं. पूर्वी त्याला चार माणसं होती, आता ती एकटी. पण गेले तीन आठवडे ती चहाला जाऊन परत आली तरी एकही मशीन अडकलेलं नसायचं. कुणीतरी बटण दाबत होतं. आधी तिला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला? मग एका दुपारी तिने लांबून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. बाण पहिल्यापासून चौथ्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता, एकेका मशीनपाशी थांबून बघत होता. हातातला चहा तिच्या ओढणीवर सांडला.

आज ते साहेबाच्या, माधवच्या, लक्षात आलं.

“तू कँटीनमध्ये आणि इथे बटणं दाबली जातायत? बाहेरच्या कुणाला पासवर्ड दिलायस? पाचपर्यंत नाव सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

घरात कमावणारी ती एकटीच. जिन्यात जाऊन तिने भोईवाड्याला घरी फोन लावला आणि रडत रडत बाबांना सगळं सांगितलं.

“कुठल्या खांबाकडे जातो म्हणालीस?” बाबांनी विचारलं.

“बारा नंबरच्या.”

बाबा म्हणाले, “रडू नको गो. येतो मी.”

येतो? तिचा कानांवर विश्वास बसेना. बाबा, म्हणजे आनंदा, याच गिरणीतले विणकर. ब्याऐंशीच्या संपाला बाहेर पडले ते सत्तावीस वर्षं त्या गेटातून आत गेले नव्हते. त्या दिवशी सगळं साचेखातं गेटावर आलं. बाबांच्या शेजारचा विणकर, एकटा लवू, तेवढा आत राहिला, पाळी सुटेपर्यंत चार साचे चालवत. बाहेर आला तेव्हा चाळीने त्याच्या गळ्यात चपलांची माळ घातली. फितूर! पुढे नळावर त्याच्या बायकोशी कुणी बोलेना. लवू गावी गेला आणि शिमग्याच्या आत मेला. अजून त्याचं नाव निघालं की आई थुंकायची. बाबा मात्र उठून गॅलरीत जायचे.

गिरणीची एकच गोष्ट बाबा हौसेने सांगत. साच्यांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून बाहेर जाणारा शेजारच्याच्या खांद्यावर एकदा थोपटायचा, की माझे साचे बघ. परत आला की दोनदा थोपटायचा, की आलो, तू मोकळा. दोनदा थोपटेपर्यंत बघणारा जागचा हलायचा नाही, काही होवो. दूध तापत ठेवून बाहेर जाताना आई अजून बाबांना तसंच थोपटून जायची.

अर्ध्या तासात बाबा आले. काचा नाही, एसी नाही, कशाकडेही त्यांनी पाहिलं नाही. खांब मोजत मोजत सरळ बाराव्यापाशी आले. माधव “काका, काका” करत मागे धावला, पण ऐकतोय कोण!

चारही स्क्रीनवरून बाण फिरत होता. बाबा बघत राहिले.

“तिसऱ्यापाशी जास्त थांबतो,” ते म्हणाले. “तिसरा साचा लई धागा तोडायचा.”

मग त्यांनी हात उचलला आणि खांबाशेजारी, माणसाचा खांदा असावा तेवढ्या उंचीवर, रिकाम्या हवेत दोनदा थोपटलं. हवेतच, पण आवाज आला. सदऱ्यावर हात पडावा तसा.

बाण थांबला. मग सावकाश उजवीकडे गेला आणि कडेपलीकडे दिसेनासा झाला. पाचवा चौकोन पुसला गेला. चारही मशीन एकदम अडकली. मृणालिनीने घाबरत माऊसवर हात ठेवला. माऊस गरम होता.

“कोण होतं ते?” माधवने विचारलं.

“लवू. फितूर म्हणायचो आम्ही त्याला.” बाबा खांबाला धरून खाली बसले. “या खांबापाशी त्याने चालवले त्या चारातले दोन साचे माझे होते, साहेब. एकदा थोपटून मी गेटावर गेलो. दोनदा थोपटायला आज आलो.”