भिंतीतून आलेली नळी

रॉकेलची टंचाई होती, तेव्हाची गोष्ट. सरकार गोबर गॅसला अनुदान देऊ लागलं आणि कवठे महांकाळजवळच्या एका वस्तीवर पहिली टाकी बसली ती बनुबाईच्या परड्यात. मधल्या भिंतीच्या अलीकडं तिची थोरली जाऊ भामाबाई धुरानं डोळे चोळत फुंकणी फुंकायची आणि पलीकडं धाकटी निळ्या जाळावर भाकरी भाजायची. बघायला आलेल्या बाया जाताना भामाबाईच्या दारात थांबून तेच कवतिक सांगायच्या. तिच्या पोटात दुखायला लागलं.

"आमी जणू कवा भाकरी भाजल्याच न्हाईत," ती नवऱ्यावर करवादली. "लय मिरवतीया तुमची भावजय."

एका दुपारी ती रानातनं घरी आली, तर मधल्या भिंतीला भोक पाडून गॅसची एक नळी वीतभर तिच्या बाजूला आलेली, तोंडाला बूच मारलेलं. तिचं टाळकंच सटकलं. आज नळी आली, उद्या न्हाणीचं पाणी येईल. भावकी अशीच बोटाबोटानं भिंत गिळती. तिनं पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि नळीचं तोंड ठेचून पार चपटं करून टाकलं. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

वरवंटा धुऊन ती जागेवर ठेवते तोवर बनुबाई दारात आली. तिच्या काखेत नवी कोरी शेगडी होती.



"आक्का, तुमचं डोळं लय सुजत्यात, म्हून ह्यास्नी म्हटलं, एक नळी तिकडं बी काढा. मिस्त्री आलाय. शेगडी कुठं मांडायची, सांगा."