हलका हात

गावचा कारखाना बंद पडला, आणि त्याच्या रिकाम्या गोदामात एका पास्टरची सभा भरू लागली. कारखान्यातल्या एका वेल्डरची बायको रोज जायची. "विश्वास असेल तर औषध कशाला?" पास्टर म्हणाला आणि तिने इन्सुलिन सोडलं. नवरा हातापाया पडला, ती ढिम्म हलली नाही. चक्कर येऊन पडली, तेव्हा तो जळफळत गोदामात गेला. "ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. सुई घ्यायला सांगा." पास्टर हसला. "तूही सभेला येशील?" "येईन." संध्याकाळी पास्टर घरी आला. "ताई, सुईलाही देवाचाच आशीर्वाद आहे." तिने लगेच बाही वर केली. नवऱ्याने नेहमीच्याच हलक्या हाताने सुई टोचली. एरवी ती कळवळायची. आज पास्टरकडे बघत म्हणाली, "तुम्ही आलात, म्हणून दुखलंच नाही." ती वाचणार होती. तरी सुई काढताना त्याला वाटलं, थोडं दुखायला हवं होतं.