वकिलाचा घोडा

पांढरा घोडा लंगडतो आहे.

प्रतिवादीने पुन्हा तारीख मागून घेतली.

तुझ्या हातचे लिंबाचे लोणचे कोणाबरोबर तरी पाठवावे.

रागावलीस तरी जेवत जा.

शारजा, १९९६.

शेवटची ओळ तेवढी भिवाची. बाकी सगळं पत्र शंभर वर्षांपूर्वी एका वकिलाने रत्नागिरीहून आपल्या रुसलेल्या बायकोला लिहिलं होतं. वकिलाचा पणतू दत्तप्रसाद शारजातल्या हमरियाला भिवाच्याच कंपनीत टाइमकीपर होता. घरातल्या त्या पत्रांच्या झेरॉक्स त्याच्या बॅगेत असत.

भिवाची सुटी दुसऱ्यांदा रद्द झाली, तेव्हापासून त्याची बायको तानुबाई गावी वाडीतल्या दुकानात फोनवर यायची बंद झाली होती. यातल्या दोन ओळी उचल, दत्तप्रसाद म्हणाला होता, पुढच्या पत्रात बायकोचा राग गेलेला आहे. कुठल्या ओळीने गेला, ते मात्र वकिलाने लिहिलेलं नव्हतं. म्हणून भिवाने एकही ओळ सोडली नाही.

पत्र पोचलं असेल अशा बेताने एका शुक्रवारी टेलिफोन बूथबाहेर रूममधले सगळे उभे राहिले. पलीकडे दुकानदाराने तानुबाईला हाक मारली. बराच वेळ नुसत्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मग बांगड्या वाजल्या.

"घोडा बरा हाय का?"

भिवाने कपाळाला हात लावला. पोस्टमनने पत्र दुकानाच्या ओट्यावर मोठ्याने वाचलं होतं. आता सगळी वाडी घोड्याची चौकशी करत होती. तिकडे वाळूत त्याला गवत कुठून आणता, असं सासऱ्यांनी विचारलं होतं. प्रतिवादी म्हणजे तुमचा फोरमन का, हे तिला स्वतःला विचारायचं होतं.

"घोडा माझा नाय," भिवा म्हणाला. "एका वकिलाचा हाय. पत्रपन त्याचंच."

"मग तुमचं काय हाय त्यात?"

रूममधल्या इद्रीसने काचेवर टकटक केली. "बोल ना भाई, कार्ड खलास हो रहा है."

"रागावलीस तरी जेवत जा," भिवा म्हणाला. "ते वकिलाचं हाय. पन माझंबी हाय."

पलीकडे ती इतक्या मोठ्याने हसली की बूथबाहेरच्यांना ऐकू गेलं. दत्तप्रसादने इद्रीसच्या पाठीत धपाटा घातला.

लोणच्याची बरणी तिने पत्र येण्याच्या आधीच भरून, तोंडाला फडकं बांधून ठेवली होती.