गाडीवरचं नाव

आमच्या संस्थेची पांढरी गाडी क्षयाच्या गोळ्या घेऊन वस्तीत येते. तिच्या दोन्ही बाजूंना रोगाचं नाव हातभर अक्षरांत रंगवलंय. ती ज्या दारापुढे थांबते, त्या घराशी दुसऱ्या दिवसापासून नळावर कुणी बोलत नाही. पहिल्याच महिन्यात शिंपीणबाईंची गिऱ्हाइकं तुटली आणि पाळणाघरातल्या मावशींना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितलं गेलं.

मी याच वस्तीतली आरोग्यसेविका. गाडीबरोबर येणाऱ्या साहेबांच्या तीनदा हातापाया पडले. "साहेब, तेवढं नाव पुसा हो. नाहीतर गोळ्या माझ्या पिशवीत द्या, मी चालत जाते."

"अहो ताई, गाडी कशी रंगवायची ते वरून ठरतं. पाच देशांत हीच गाडी फिरते."

आता हॉर्न वाजला की अख्ख्या गल्लीचा खोकला थांबतो. दारोदार एकच उत्तर, "छे हो, आमच्याकडे कुणी खोकत नाही!" सहा महिन्यांत नवा रुग्ण एकही नाही, म्हणून साहेब जाम खूश. माझा सत्कार माझ्या घरी येऊनच करायचा असं त्यांनी ठरवलं आणि आज मला गाडीत बसवून निघाले.

"तुमचं दार कुठलं, ताई?"

गाडी नीट थांबायच्या आत मी उतरले, "जरा घर आवरते हं" म्हणत आत धावले आणि महिनाभर खोकणाऱ्या लेकीच्या हातात उशी कोंबली.

"गाडी जाईपर्यंत यातनं तोंड काढू नकोस, बाळा."