टाकीचं झाकण

फणसवाडीच्या तोंडाशी सुचित्राची गाडी परत बंद पडली, आणि या खेपेला मागच्या बायकांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

तिने नऊवारी सावरून किक मारली. गाडी ढिम्म. पाडव्याची सकाळ, डोक्याला फेटा, मागे वाडीतल्या बायकांच्या मोटरसायकली नि स्कूटर, आणि सगळ्यांच्या पुढे ती. शोभायात्रेचा ढोल ठाकूरद्वारच्या बाजूने जवळ येत होता. तो नाक्यावर आला की वाडीची रांग यात्रेत शिरणार. एका बंद गाडीसाठी कुणी थांबणार नव्हतं.

गाडी बंद पडली की गिरगावात सल्ल्यांना तोटा नसतो. गंगाधरकाकांनी प्लगला दोष दिला. ज्याला धड सायकल येत नाही अशा एकाने कार्बोरेटरमध्ये कचरा असल्याचं छातीठोकपणे सांगून टाकलं.

"पेट्रोल संपलं असेल," अजित म्हणाला. अजित तिचा धाकटा दीर, वाडीच्या मंडळाचा सेक्रेटरी. छातीवरचा बिल्ला सकाळपासून कुरवाळत होता. "बायका कुठे बघतात पेट्रोल!"

"काल टाकी फुल केलीय, भावजी. हे बघा." तिने चावी फिरवून झाकण उघडलं. सुस्सकन हवा आत ओढली गेली. पेट्रोल काठाशी डुचमळत होतं. झाकण लावून तिने किक मारली, तर काय, गाडी पहिल्या फटक्यात सुरू! टाळ्या पडल्या. ती ऐटीत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे गाडीने आचके देत मान टाकली.

आता अजितने हँडलच धरलं. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, साइडला घ्या. कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसा. खरं सांगू? दादा गेल्यावर तुम्ही असं सणाला सगळ्यांच्या पुढे... लोक आधीच बोलतायत. आज गाडीपण तेच सांगतेय, समजा."

तिची तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याची ही गाडी ती वर्षभर रोज हिंदमातापर्यंत ऑफिसला नेत होती. तेव्हा गाडी काही सांगत नव्हती! आज मागे बसली, तर पुढच्या पाडव्याला हे लोक आपल्याला घरीच बसवतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"हात काढा," ती म्हणाली. त्याने काढला.

राग आला की तिचं डोकं उलट थंड व्हायचं. गाडी सुरू होते, जरा चालते, मग गुदमरते. पेट्रोल आहे, पण खाली उतरत नाही. झाकण उघडलं तेव्हा हवा आत गेली आणि गाडी लगेच उठली. म्हणजे हवाच मिळत नाहीये. पेट्रोल खाली जायचं तर वरून टाकीत हवा यावी लागते, आणि ती येते झाकणातल्या बारीक भोकातून. तिने झाकणाकडे पाहिलं.

चावीची खाच सोडली, तर झाकण दिसतच नव्हतं. पहाटे मालनबाईंनी, तिच्या सासूने, गाडीची पूजा केली होती. पाण्यात कालवलेलं हळदकुंकू, चांगला जाड थर, त्यावर अक्षता, वर चिकटवलेलं झेंडूचं फूल. सुनेच्या कपाळाला लावता येत नव्हतं, ते सगळं त्यांनी गाडीला लावलं होतं. भोक त्याच्याखाली कुठेतरी गडप झालं होतं.

सुचित्राने पदराची पिन काढली, फूल बाजूला ठेवलं आणि खरवडायला लागली.

"अहो वहिनी!" अजित ओरडला. "पूजेचं कुंकू पुसताय? पाडव्याच्या दिवशी?"

"माझं पुसलं तेव्हा कुणी आडवं आलं नव्हतं, भावजी."

मागचे हॉर्न थांबले. बोलून गेल्यावर तिला दिसलं, मालनबाई तिथेच पायरीवर उभ्या होत्या. तिचं कुंकू पुसणारा हात त्यांचाच होता. सुचित्राला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. वरचा थर वाळला होता, आतला अजून ओला होता; तो तिने बोटांनी निपटून काढला, भोकात पिन फिरवली, जोरात फुंकर मारली. मग झाकण एकदा उघडून परत लावलं आणि किक मारली.

गाडी सुरू झाली. सगळे ती बंद पडायची वाट बघत उभे राहिले. ढोल नाक्यावर येऊन पोचला तरी ती बंद पडली नाही.

मालनबाई पायरी उतरून आल्या. "बघ ना आई, वहिनीने काय केलं," अजित म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सुनेचा हात हातात घेतला. बोटांना पेट्रोलचा वास येत होता, आणि लाल रंग नखांत शिरला होता.

"फेटा वर कर गो," त्या म्हणाल्या.

सुचित्राने फेटा वर सरकवला. मालनबाईंनी तिच्या बोटांवरचं ओलं कुंकू आपल्या अंगठ्यावर घेतलं आणि भर रस्त्यात, सगळ्या वाडीसमोर तिच्या कपाळाला लावलं. ते जरा वाकडंच लागलं. मागे कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. सुचित्राचे डोळे भरून आले, तरी तिने गाडी गिअरमध्ये टाकली.

अजित अजून पुढच्या चाकासमोर उभा होता.

"तू कशाला मधे उभा?" मालनबाई त्याला म्हणाल्या. "चाकाखाली येशील."