पहिली रांग

"बरं होणं म्हणजे तुमच्या लेखी काय?" मलेशियातल्या कोटा भारूच्या दवाखान्यात डॉक्टर लिमनी विचारलं. मझलान चटकन म्हणाला, "जुम्म्याची नमाज पहिल्या रांगेत, मधेच उठून न पळता." आतड्याच्या दुखण्यापायी तीन वर्षं तो मशिदीत शेवटच्या रांगेत, संडासाच्या वाटेवर उभा राहत होता. डॉक्टरांनी कागदावर मात्र निराळंच लिहिलं. "रक्त लवकर थांबेल, पण आतले व्रण भरायला वर्ष लागेल. मी सांगेपर्यंत गोळ्या सोडायच्या नाहीत."

दर शुक्रवारी तो परतला की बायको कलसोम दारातूनच विचारायची, "आज कुठवर?"

"पाचवी." मग "तिसरी." दुसरी रांग गाठली त्या दिवशी त्याने मिरची घालून बुडू, आंबवलेल्या माशाचं तोंडीलावणं, मागितलं, दोन ताटं भात चापला आणि गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं. "ठेवून दे. आता एकच रांग राहिली."

"डॉक्टर रागावतील."

"त्यांना कुठं जुम्म्याला उभं राहायचंय?"

बिनमिरचीचं रांधून तीही कंटाळली होती. तिने पाकीट फडताळात टाकलं.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी, त्याचं आतडं फुटलं. संध्याकाळपर्यंत तो गेला.

दुसऱ्या दिवशी जुम्म्यानंतर मशिदीत, जनाजा सगळ्यांसमोर ठेवून, त्याची शेवटची नमाज झाली. दफन आटोपून दीर रोस्लान घरी आला, तेव्हा दारात बसलेल्या कलसोमच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आज कुठवर?"

चपला काढता काढता रोस्लान थांबला.

"इमामाच्याही पुढे होता, वहिनी."