आतून कडी

"लॅच सुटलं, दादा. पण दार हलत नाही," कुलूपवाला म्हणाला. "आतून कडी आहे."

"रिकाम्या घराला आतून कडी?"

"भुताने लावली असेल. भुताचे पैसे वेगळे पडतील हं."

शिंपी हसला नाही. थकलेल्या घरपट्टीपायी लिलावात निघालेलं घर आतून बघू देत नाहीत. म्हणून बोली लावण्याआधी त्याने लागोपाठ नऊ दिवस बाहेरच्या भिंतीवरचा विजेचा मीटर वाचला होता. आकडा तसूभर हलला नव्हता. आत कोणी राहत नाही, असं त्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं आणि दुकान विकलं. आता ती फाटकाशी टेम्पोत बसली होती. मांडीवर झोपलेली लेक, मागे सगळा संसार. तिच्या भावाने त्यांना घरात ठेवून घेतलं होतं, तेही आजपर्यंतच.

आत काहीतरी घासत घासत दाराशी आलं. कडी निघाली.

दारात एक म्हातारी उभी होती. अंगावर दोन स्वेटर, वरच्या स्वेटरवर मेणाचे वाळलेले थेंब.

"वीजवाले ना?" ती म्हणाली. "तोडून गेलात ते दोन वर्षांनी उगवलात. या, चपला असू देत."

शिंप्याने खिशातले ताब्याचे कागद चाचपले. आत कोणी निघालं तर त्याला बाहेर काढणं घेणाऱ्याने बघायचं, असं शेवटच्या पानावर छापलेलं होतं.

"तुमची पत्रं ठेवलीत हो जपून." टेबलावर लिफाफ्यांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला, प्रत्येकावर घरपट्टी विभागाचा शिक्का. एकही फोडलेला नव्हता. "मेणबत्तीवर मला अक्षर लागत नाही. वीज आली की वाचीन सगळी."

टेम्पोतून हाक आली. "अहो, सामान उतरवायचं ना?"

शिंप्याने मागे पाहिलं नाही. "नवं कुलूप बसव," तो कुलूपवाल्याला म्हणाला.

कुलूपवाल्याने एकदा म्हातारीकडे पाहिलं, मग मान खाली घालून स्क्रू काढायला लागला. भुताची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. काम झाल्यावर त्याने तीन किल्ल्या पुढे धरल्या. म्हातारीनेही हात पुढे केला.

"कुलूपसुद्धा बदललंत? बरं केलंत, बाळा."

शिंप्याने तिन्ही किल्ल्या खिशात टाकल्या.

"आणि वीज कधी येईल?"

"उद्या," तो म्हणाला.

ते खरं होतं. अर्ज त्याने कालच भरला होता, स्वतःच्या नावाने.